डीबगरचं अटॅच टेस्ट कसं करता? लॅपटॉपवर पास, सीआयवर फेल, आणि डिटॅचनंतर प्रोसेस कधीकधी थांबूनच राहते

सह्याद्री६४

मंडळी, आम्ही तिघं मिळून लिनक्ससाठी एक छोटा डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रामला थांबवून आत बघायचं टूल, लिहितोय, सी प्लस प्लसमधे, सध्या फक्त एक्स८६-६४. डीबगरनेच प्रोग्राम सुरू केला असेल तर ब्रेकपॉइंट, स्टेप, व्हेरिएबल वाचणं सगळं नीट चालतंय आणि त्याच्या टेस्टही बिनतक्रार पास होतात. अडलंय ते अटॅचपाशी, म्हणजे आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, द्यायचा आणि तिला जाऊन पकडायचं.

आत्ताची टेस्ट अशी आहे की पायथनची स्क्रिप्ट आधी एक साधा प्रोग्राम सुरू करते, त्यात नुसता व्हाइल लूप आणि आत स्लीप, मग स्क्रिप्ट दोन सेकंद थांबते, मग आमचा डीबगर त्या पीआयडीवर सोडते, आउटपुटमधे अटॅच झाल्याची ओळ दिसली की डिटॅच करायचं आणि टेस्ट पास.

माझ्या लॅपटॉपवर फेडोरा आहे, तिथे पास होते. सीआयचं, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारं, मशीन उबुंटू आहे, तिथे दरवेळी ऑपरेशन नॉट परमिटेड. युजर तोच, दोन्ही प्रोसेस त्याच युजरच्या. सुडो लावलं की चालतं, पण सगळ्या टेस्ट सुडोने चालवायच्या हे मला पटत नाहीये.

दुसरं जास्त त्रासदायक आहे. लॅपटॉपवर टेस्ट पास होते पण कधीतरी नंतर बघावं तर तो बिचारा प्रोग्राम तसाच पडून असतो, पीएसमधे स्टेट मोठा टी, म्हणजे थांबलेला, बाहेरून सिगकॉन्ट, म्हणजे पुढे चालायचा सिग्नल, दिला की पुढे चालायला लागतो. नेहमी होत नाही, त्यामुळे पकडायचं कसं तेच कळेना.

मोठे डीबगर, म्हणजे जीडीबी, एलएलडीबी, ही गोष्ट कशी टेस्ट करतात? आणि नुसतं अटॅच झालं एवढं बघणं पुरेसं आहे का?

कर्नलवेडी

सीआयवालं कोडं आधी सोडवू, ते सोपं आहे. तो यामा आहे. कर्नलमधलं एक छोटं सिक्युरिटी मॉड्यूल, मेनलाइनमधे ३.४ ला आलं, २०१२ मधे, पण उबुंटूने ही बंदी त्याच्याही आधी, १०.१० पासूनच लावलेली होती. प्रॉकच्या खाली सिस, कर्नल, यामा असं आत गेलं की पीट्रेस_स्कोप नावाची फाईल दिसेल (पीट्रेस म्हणजे दुसऱ्या प्रोसेसला पकडायचा सिस्टिम कॉल), कॅट करून बघ. शून्य असेल तर जुनी पद्धत, एका युजरच्या प्रोसेस एकमेकींना पकडू शकतात. १ असेल तर फक्त स्वतःच्या पोराबाळांना पकडता येतं. २ असेल तर कॅप_सिस_पीट्रेस ही कॅपेबिलिटी लागतेच, आणि ३ म्हणजे अटॅच पूर्ण बंद, रीबूट करेपर्यंत तो आकडा खालीसुद्धा आणता येत नाही. उबुंटूचा डिफॉल्ट १, फेडोराचा शून्य.

आता तुझी टेस्ट बघ. प्रोग्रामही पायथनने सुरू केला आणि डीबगरही पायथननेच. म्हणजे ती दोन भावंडं झाली, बाप-लेक नाही, म्हणून १ वर नकार मिळणारच. जीडीबीच्या टेस्टसूटलाही हेच लागू होतं, ती डेजाग्नू या टेस्ट चालवायच्या चौकटीवर चालते आणि तिथेही एक्स्पेक्ट हे तिच्या आतलं टूल दोघांना वेगवेगळं सुरू करतं.

उपाय टेस्टच्या प्रोग्राममधेच आहे. मेनच्या अगदी सुरुवातीला पीआरसीटीएल कॉल करायचा, पीआर_सेट_पीट्रेसर, आणि सोबत पीआर_सेट_पीट्रेसर_एनी. म्हणजे ती प्रोसेस स्वतःच सांगते की मला कोणीही पकडा, हरकत नाही. एलएलडीबीच्या टेस्टमधे यासाठी एलएलडीबी_एनेबल_अटॅच नावाचं एक मॅक्रो आहे, तेच करतं. ज्या कर्नलमधे यामा नाही तिथे हा कॉल एरर देतो, तिकडे दुर्लक्ष कर, टेस्ट पाडू नकोस.

पण एक सांगते, हा कॉल सगळ्या टेस्टमधे घालून मोकळा होऊ नकोस. एक टेस्ट मुद्दाम त्याच्याशिवाय ठेव, स्कोप १ असलेल्या मशीनवर, आणि त्यात बघ की तुमचा डीबगर नकार मिळाल्यावर माणसाला काय सांगतो. नुसतं ऑपरेशन नॉट परमिटेड वाचून कोणाला काय कळणार, तुलाच कळलं नाही बघ. जीडीबी तिथे सरळ सांगतो की युजर जुळत असेल तर यामाची ती फाईल तपासा नाहीतर रूट होऊन बघा. अटॅच वापरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी भेटते ती हीच एरर, म्हणून तिची टेस्ट मला तरी यशस्वी अटॅचच्या टेस्टइतकीच महत्त्वाची वाटते.

नकाराच्या बाकी जातीही घे. पीआयडी अस्तित्वातच नाही. पीआयडीच्या जागी अक्षरं दिली. प्रोसेस झोम्बी आहे, म्हणजे संपलीय पण तिची नोंद अजून उरलीय. आधीच दुसऱ्या डीबगरने पकडलेली आहे, कारण एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर, आणि कोणी पकडलंय ते तिच्या स्टेटस फाईलमधे ट्रेसरपीआयडी या ओळीत लिहिलेलं असतं, तेवढं वाचून दाखवलंत तर माणसाचा अर्धा तास वाचतो. जीडीबी झोम्बी आणि आधीच पकडलेली, दोन्हींसाठी वेगळे मेसेज देतो आणि अटॅच-ट्वाइस नावाची टेस्ट खास त्यातल्या दुसऱ्यासाठी आहे. आणि ज्या प्रोसेसने पीआरसीटीएलनेच स्वतःला नॉन-डम्पेबल करून ठेवलंय तिला त्याच युजरचा डीबगरही पकडू शकत नाही, तेही एकदा करून बघ.

सुडोबद्दल तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे. रूटने चालवलं की यामाचा आणि नॉन-डम्पेबलचा नकार दिसतच नाही.

सह्याद्री६४

ताई खूप आभार, फाईल बघितली, लॅपटॉपवर शून्य आणि सीआयवर १, अगदी तेच. पीआरसीटीएल घातल्यावर सीआयवर अटॅच झालं. एक टेस्ट त्याच्याशिवाय ठेवतोय आणि मेसेज नीट लिहायला घेतलाय.

पुढे सीआय डॉकरमधे हलवायचा विचार आहे, तिथे परत काही वेगळं असेल का? आणि त्या मोठ्या टी चं कोणाला काही माहिती आहे का?

कर्नलवेडी

डॉकरमधे दोन गोष्टी. सेककॉम्पचा, म्हणजे सिस्टिम कॉल गाळणाऱ्या चाळणीचा, डिफॉल्ट प्रोफाइल आधी पीट्रेस अडवायचा, डॉकर १९.०३ पासून कर्नल ४.८ किंवा पुढचा असेल तर सोडतो. आणि यामाचा आकडा कंटेनरला वेगळा नसतो, होस्टचा जो असेल तोच आत दिसतो आणि साध्या कंटेनरमधून तो बदलताही येत नाही. आत तू रूट दिसतोस पण कॅप_सिस_पीट्रेस डिफॉल्टमधे मिळत नाही, ती रनच्या वेळी कॅप-ॲड करून मागावी लागते. म्हणजे तिथे रूट असूनही नकार मिळू शकतो, आणि हीसुद्धा एक टेस्ट करण्यासारखी केस आहे कारण लोक नेमके तिथेच गोंधळतात.

जुना_सीवाला

टी बद्दल मी सांगतो, यावर मी बराच काळ काम केलंय. तुमचा कोड न बघता अंदाज करतो, तुम्ही पीट्रेस_अटॅच करताय, मग वेटपीआयडीने ती थांबायची वाट बघताय, आणि जो पहिला स्टॉप येईल तो आपलाच सिगस्टॉप, म्हणजे थांबवायचा सिग्नल, आहे असं धरून पुढे जाताय. बरोबर?

अटॅच हा कॉल प्रोसेसला थांबवत नाही, तो तिला फक्त ट्रेसर जोडतो आणि एक सिगस्टॉप पाठवतो. तो सिगस्टॉप पोचायच्या आधी दुसरा कुठला सिग्नल त्या थ्रेडकडे आलेला असेल तर ट्रेसरला पहिला स्टॉप त्या दुसऱ्या सिग्नलचा दिसतो. तुम्ही तो बघून खूश, अटॅच झालं म्हणून छापलं, डिटॅच केलं. पण खरा सिगस्टॉप अजून रांगेतच आहे, आता ट्रेसर नाही, त्यामुळे तो आपलं नेहमीचं काम करतो आणि प्रोसेसला थांबवतो. हाच तुमचा मोठा टी.

पीट्रेसच्या मॅन पेजमधे याचा उपाय सरळ लिहिलेला आहे: सिगस्टॉप दिसेपर्यंत मधे जे सिग्नल येतील ते परत प्रोसेसमधे घालत राहायचं, आणि सिगस्टॉप दिसला की तो मात्र गिळायचा. परत घालणं विसरलात तर प्रोसेसचा सिग्नल हरवतो, आणि ते या टी पेक्षा वाईट, कारण ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता टेस्ट, कारण तुझा खरा प्रश्न तो आहे. कधीतरी होतं म्हणून हजारदा लूपमधे चालवायचं हा मार्ग मला आवडत नाही, परिस्थिती मुद्दाम घडवून आणायची. टेस्टच्या प्रोग्राममधे सिगयूएसआर१ चा हँडलर लाव, आणि एक दुसरा छोटा प्रोग्राम टीजीकिल, म्हणजे एका ठरावीक थ्रेडला सिग्नल पाठवणारा कॉल, वापरून त्याच्या मेन थ्रेडवर हा सिग्नल सतत मारत राहील असं कर. टीजीकिलच का, तर अटॅचचा सिगस्टॉपही त्या एका थ्रेडच्याच रांगेत जातो, आणि एकाच रांगेत दोन असले तर कर्नल लहान नंबरचा आधी काढतो, एक्स८६ वर सिगयूएसआर१ हा १० आणि सिगस्टॉप १९. त्यामुळे तुमची ही चूक लपून राहायला जागाच उरत नाही.

आणि पास कशाला म्हणायचं ते बदल. डीबगरच्या आउटपुटवर विसंबू नकोस, तो स्वतःबद्दल चांगलंच सांगणार. पकडलेल्या प्रोसेसला विचार. डिटॅचनंतर तिच्या स्टेटस फाईलमधे ट्रेसरपीआयडी शून्य हवा, स्टेट मोठा टी नको आणि छोटा टी तर नकोच नको, तो ट्रेसिंग स्टॉपचा असतो. शिवाय ती खरंच पुढे चालतेय का ते बघ, म्हणजे तिच्यात एक काउंटर ठेव जो ती पाइपवर लिहीत राहील आणि डिटॅचनंतर तो वाढला पाहिजे. माझ्या मते अटॅचच्या टेस्टचा खरा भाग डिटॅचनंतरच सुरू होतो, एखाद्या चालत्या प्रोसेसमधे शिरून तिला काही कळू न देता बाहेर पडता आलं पाहिजे, आणि ते आलं की नाही हे फक्त तीच सांगू शकते.

सिग्नल हरवतात का हे बघायला रिअलटाइम सिग्नल घे, सिगक्यूने प्रत्येकासोबत चढता आकडा पाठव. साधे सिग्नल एकावर एक आले की एकच होऊन बसतात त्यामुळे त्यांची मोजणी करता येत नाही, रिअलटाइमवाले रांगेत टिकतात. प्रोग्रामने आलेले आकडे लिहून ठेवायचे, दरम्यान तू अटॅच-डिटॅच करत राहायचं, शेवटी मधला एकही आकडा गळालेला नसावा.

अजून एक, ते दोन सेकंद थांबणं काढ. सीआयचं मशीन लोडखाली असलं की दोन सेकंद पुरत नाहीत आणि एरवी ते वाया जातात. प्रोग्राम तयार झाला की त्याने पाइपवर एक बाइट लिहावा, स्क्रिप्टने तो वाचावा, मगच डीबगर सोडावा. आणि प्रोग्राममधे अलार्म लावून ठेव, एखादा मिनिटाचा, म्हणजे टेस्ट मधेच मेली तर मशीनवर बेवारस प्रोसेस साचत नाहीत.

सह्याद्री६४

दादा, अंदाज तंतोतंत. वेटपीआयडीनंतर कुठला सिग्नल हे बघतच नव्हतो. टीजीकिलवाली टेस्ट लिहिली आणि ती लगेच फेल व्हायला लागली, मग सिगस्टॉप दिसेपर्यंत बाकीचे परत घालायचा लूप लिहिला, आता पास होतेय. रिअलटाइमवालीही लिहितोय.

पण मग हे सगळं टाळण्यासाठी पीट्रेस_सीझ का वापरू नये? एसट्रेस हे सिस्टिम कॉल बघायचं टूल तेच वापरतं असं वाचलं.

जुना_सीवाला

वापरा की, नवीन डीबगर लिहिताय तर मी सीझच सुचवेन. तेही ३.४ पासून आहे. त्यात सिगस्टॉप पाठवलाच जात नाही, जोडून घ्यायचं आणि थांबवायचं असेल तेव्हा पीट्रेस_इंटरप्ट. आधीपासून सिगस्टॉपने थांबलेली प्रोसेस असेल तर तेही वेगळं ओळखता येतं, आणि पीट्रेस_लिसन देऊन तिला थांबलेलंच ठेवता येतं. जीडीबीच्या टेस्टमधे अटॅच-स्टॉप्ड नावाची एक टेस्ट आहे ती नेमकी याच प्रकारासाठी, थांबलेल्या प्रोसेसला जाऊन पकडणं. फक्त टेस्ट टाकून देऊ नका, सीझला गेलात तरी या सगळ्या तशाच्या तशा लागू आहेत.

रात्रपाळी

मी डीबगर लिहीत नाही, मी तो रात्री अडीच वाजता लाइव्ह सर्व्हरवर वापरणारा माणूस आहे, त्यामुळे माझ्या बाजूने दोन-चार गोष्टी सांगतो ज्या डीबगर लिहिणारे लोक कधी टेस्ट करताना मला दिसत नाहीत.

पहिली, प्रोसेस किती वेळ थांबली. आम्हाला फक्त सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनमधून कुठे आले ती यादी, काढून बाहेर पडायचं असतं, पण डीबगर आधी अटॅच करतो आणि मग निवांत सिंबॉल, म्हणजे फंक्शनची नावं आणि पत्ते, वाचत बसतो, बायनरी मोठी असली की तेवढा वेळ सर्व्हर मुका. तोवर हार्टबीट चुकतो, क्लस्टर म्हणतो हा नोड मेला, आणि जो प्रॉब्लेम बघायला गेलो तो राहतो बाजूला. म्हणून सिंबॉल आधी वाचा आणि अटॅच नंतर करा, आणि टेस्टही तशीच ठेवा: प्रोग्रामने दर मिलिसेकंदाला मोनोटॉनिक घड्याळ वाचावं आणि सगळ्यात मोठी फट किती पडली ते शेवटी सांगावं. त्या फटीला एक मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली की टेस्ट फेल करा.

दुसरी, सिस्टिम कॉलमधे बसलेली प्रोसेस. ईपोल_वेटमधे, म्हणजे काही येण्याची वाट बघत, असलेल्या प्रोसेसला थांबवून परत सोडलं की तो कॉल ईआयएनटीआर, म्हणजे मधेच अडवल्याची एरर, घेऊन परत येऊ शकतो, प्रोग्रामने कुठलाही हँडलर लावलेला नसला तरी, सिग्नलच्या मॅन पेजमधे अशा कॉलची यादीच दिलेली आहे. हा दोष डीबगरचा नाही, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ईआयएनटीआर हाताळला नसेल तर माझ्या अटॅचने सर्व्हर पडतो. तेव्हा निदान तुमच्या डॉक्युमेंटेशनमधे लिहा आणि एक टेस्ट ठेवा की कुठल्या कॉलमधे काय होतं.

तिसरी म्हणजे ब्रेकपॉइंट. अटॅच केलं, ब्रेकपॉइंट लावला, कंटिन्यू केलं, आणि तेवढ्यात माझं एसएसएच कनेक्शन तुटलं. ब्रेकपॉइंट म्हणजे थांबायच्या जागच्या मशीन सूचनेच्या पहिल्या बाइटवर लिहिलेला इंट ३ हा थांबायचा हुकूम, तो मेमरीत तसाच राहिला तर डीबगर गेल्यावर जो पहिला थ्रेड तिथे पोचेल त्याला सिगट्रॅप मिळणार आणि अख्खी प्रोसेस जाणार. तेव्हा सिगहप, सिगटर्म, सिगइंट या तिन्हींवर डीबगरने मूळ बाइट परत लिहून मगच मरावं, आणि याची टेस्ट असावी. सिगकिलला इलाज नाही, तिथे कर्नल डिटॅच करून प्रोसेसला सोडून देतो पण बाइट कोण परत लिहिणार. आणि पीट्रेस_ओ_एक्झिटकिल हा ऑप्शन अटॅच केलेल्या प्रोसेसवर चुकूनही लावू नका, त्याने डीबगर मेला की प्रोसेसही मारली जाते, तो डीबगरने स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामसाठी ठीक आहे.

सह्याद्री६४

हे तर आमच्या डोक्यातच नव्हतं. एक्झिटकिल आम्ही सरसकट सगळीकडे लावत होतो, आत्ताच फक्त लाँचपुरता केला. बाइट परत आला का हे टेस्टमधे कसं बघावं? प्रॉकमधली मेम फाईल वाचून ईएलएफशी, म्हणजे डिस्कवरच्या बायनरीशी, ताडायचं का?

कर्नलवेडी

मेम वाचायलाही पीट्रेससारखीच परवानगी तपासली जाते, स्क्रिप्ट प्रोग्रामची बाप आहे म्हणून स्कोप १ वर चालेल, पण २ वर परत तीच भानगड. त्यापेक्षा प्रोग्रामलाच करू दे. ज्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावणार त्याचे बाइट त्याने सुरुवातीला कॉपी करून ठेवायचे, डिटॅचनंतर परत ताडायचे आणि मग ते फंक्शन खरंच कॉल करून जिवंत राहतो का तेही बघायचं. फोर्कचीही एक केस घे, अटॅच असताना ब्रेकपॉइंट लागलेला आहे आणि प्रोसेसने फोर्क केला तर पोराच्या मेमरीतही तो इंट ३ जातो, त्याला सोडताना तिथलाही काढावा लागतो.

खिडकीवाला

लिनक्सचाच विषय आहे पण पुढे विंडोजवर आणणार असाल तर दोन ओळी. तिथे डीबगॲक्टिव्हप्रोसेसने अटॅच केलं आणि डीबगर बंद झाला की डिफॉल्टने प्रोसेसही मरते, ती वाचवायला डीबगसेटप्रोसेसकिलऑनएक्झिटला फॉल्स द्यावं लागतं, म्हणजे लिनक्सच्या बरोब्बर उलट. आणि अटॅच होताना सिस्टिम त्या प्रोसेसमधे एक नवीन थ्रेड सुरू करून ब्रेक आणते, पण प्रोसेस लोडर लॉक (डीएलएल लोड होतानाचं कुलूप) धरून अडकलेली असेल तर तो थ्रेडच पुढे सरकत नाही आणि ब्रेक येत नाही. विनडीबीजी अशावेळी ३० सेकंद वाट बघतो. टेस्टसाठी एक डीएलएल लिहा ज्याच्या डीएलएलमेनमधे मुद्दाम लांब स्लीप आहे, ती लोड होत असताना अटॅच करून बघा.

सह्याद्री६४

नोंद करून ठेवतोय, विंडोज अजून लांब आहे. शेवटचा प्रश्न, थ्रेड. आमचा डीबगर प्रॉकमधल्या टास्क डिरेक्टरीतले सगळे थ्रेड वाचून एकेकाला सीझ करतो. चार-पाच थ्रेड असले की ठीक, पण थ्रेड सतत तयार होतायत आणि मरतायत अशी प्रोसेस असेल तर एखादा निसटतो. याला टेस्ट कशी लावायची?

जुना_सीवाला

जीडीबीमधे अटॅच-मेनी-शॉर्ट-लिव्ह्ड-थ्रेड्स नावाची टेस्ट आहे, ती वाच, तुझं उत्तर तिच्यात आहे. तिचा प्रोग्राम असा की थ्रेड जन्माला येतो, लगेच दुसरा थ्रेड तयार करतो आणि मरतो, अखंड. अशा प्रोसेसला परत परत अटॅच-डिटॅच करायचं.

डिरेक्टरी एकदा वाचून भागत नाही, कारण तू यादी वाचत असताना अजून न पकडलेला थ्रेड नवीन थ्रेड काढून मोकळा होतो. जीडीबी ती यादी परत परत वाचतो आणि लागोपाठ दोन फेऱ्यांमधे एकही नवा थ्रेड सापडला नाही की थांबतो. सीझ करतानाच ट्रेसक्लोनचा ऑप्शन दिलास तर पकडलेल्या थ्रेडची पोरं आपोआप तुझ्याकडे येतात, तरी न पकडलेल्यांसाठी फेऱ्या लागतातच.

मधे एखाद्या थ्रेडवर ईएसआरसीएच, म्हणजे असा थ्रेडच नाही, आला तर तो यादी वाचल्यानंतर मेला, सोडून दे. पण ईपर्मही, म्हणजे तेच ऑपरेशन नॉट परमिटेड, येऊ शकतो, थ्रेड संपलाय पण त्याचा टास्क अजून शिल्लक आहे अशावेळी कर्नल हेच उत्तर देतो, आणि तिथे तुमचा तो नवा यामावाला मेसेज छापला जाईल आणि अख्खं अटॅच रद्द होईल. तेव्हा ईपर्म आला की आधी त्या थ्रेडची स्टेटस फाईल बघ, झोम्बी किंवा डेड असेल तर गप पुढे जा, नसेल तरच एरर. पास ठरवताना टास्कमधल्या प्रत्येक जिवंत थ्रेडची स्टेटस फाईल उघड आणि सगळीकडे ट्रेसरपीआयडी तुमच्याच डीबगरचा आहे का ते बघ, डिटॅचनंतर सगळीकडे शून्य.

आणि सीआयवर ही टेस्ट स्किप होऊ देऊ नकोस. अटॅच जमत नसेल अशा मशीनवर टेस्ट आपोआप वगळायची सोय सगळेच ठेवतात, पण मग एखाद्या दिवशी कोणीतरी यामाचा आकडा वाढवतं, सगळ्या अटॅच टेस्ट वगळल्या जातात आणि सीआय हिरवंच दिसत राहतं. निदान एका मशीनवर वगळलेली टेस्ट म्हणजे फेल असं सेट करून ठेव.

सह्याद्री६४

ईपर्मचं बघितलं, अगदी तसंच, मरणाऱ्या थ्रेडवर यामावाला मेसेज छापत होता. दुरुस्त करतोय. एका उबुंटू मशीनवर वगळलेली टेस्ट म्हणजे फेल असं आत्ताच केलं. फोर्कवाली टेस्ट उद्या.